गरम पावाइतके अंतर

"तू माझी लोकरीची शाल पावाला का गुंडाळलीयेस?"

बायकोचा प्रश्न सरळ होता. उत्तर तितके सरळ नव्हते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, तिच्या सर्वांत चांगल्या शालीत, एक मोठा गोल पाव तान्ह्या बाळासारखा निजला होता. त्याच्या पोटात थर्मामीटर खुपसलेला होता. शेजारच्या स्टुलावर नवरा, आजाऱ्याच्या उशाशी बसावे तसा, हनुवटीला हात लावून बसला होता.

"हळू बोल," तो म्हणाला. "अजून चव्वेचाळीस आहे."

"काय चव्वेचाळीस?"

"तापमान. सकाळी ओव्हनमधून काढलाय. हा शालीतला. आणि तो उघडा ठेवलेला बघ, कधीच गारठला बिचारा."

"बरं. मग मी आता बाहेर जाताना अंगावर काय घेऊ? तो बिचारा?"

नवरा थर्मामीटरवर वाकला. त्याने वहीसुद्धा काढली नव्हती. आकडे त्याच्या डोक्यातच होते. तो नकाशे तयार करणाऱ्या कार्यालयात कामाला होता, आणि कुठल्याही दोन ठिकाणांमधले अंतर सांगणे हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. सगळे त्याला नकाशेवालाच म्हणत. सासरी मात्र त्याचे नाव 'हवाई जावई' पडले होते, आणि ते पडण्याला तो स्वतःच जबाबदार होता.

त्याचे असे झाले. सासऱ्यांची दुसऱ्या शहरात बेकरी होती. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा सासऱ्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत पाहून निकाल दिला होता, "मुलगा चांगला आहे. पण लांब आहे." मुलगी एकुलती एक. दातांची डॉक्टर झालेली. ती उठून दुसऱ्या टोकाला जाणार हे त्यांच्या पचनी पडत नव्हते. तेव्हा नकाशेवाल्याने बेकरीच्या फळीवर, पिठातच, नकाशा पसरला होता.

"बाबा, दोन विमानतळांमधलं अंतर फक्त सहाशे चाळीस किलोमीटर. पृथ्वीचा गोलावा धरून सांगतोय. विमानाला एक तास दहा मिनिटं लागतात."

सासरे नकाशाकडे न बघता त्याच्याकडे बघत राहिले. तेव्हा त्याला जोर चढला आणि तो बोलून गेला, "अहो, तुम्ही भट्टीतून पाव काढा, विमानात बसा. आमच्या टेबलावर येईल तेव्हा तो गरम असेल!"

त्याला वाटले, आपण एक दाखला दिला. सासऱ्यांना वाटले, जावयाने शब्द दिला. इतर बाबतींत सासरे थट्टामस्करी समजणारे गृहस्थ होते; पण पावाच्या बाबतीत त्यांना थट्टा कळत नसे.

लग्न झाले. वर्ष उलटले. सासरे एकदाही आले नाहीत. "भट्टी कुणाच्या भरवशावर सोडू?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. मुलगी दोनदा माहेरी जाऊन आली. दोन्ही वेळा त्यांनी दार उघडताच पहिला प्रश्न केला, "किती वाजता निघालीस?" आणि तिने सांगितल्यावर बोटांवर हिशेब करून ते नुसते "हं" म्हणाले. त्या 'हं'मध्ये सगळा नकाशा फाटत असे.

आणि मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "चिऊ, आपल्या बेकरीच्या समोर दातांचा दवाखाना निघतोय. त्यांना डॉक्टर हवाय. मी सांगून ठेवलंय."

"बाबा! मला विचारलंत का? आणि याचं काय? याच्या नोकरीचं?"

"नकाशे काय इकडचे लोक वाचत नाहीत? दे त्यांना फोन." मग जावयाला त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले, "जावईबापू, तुमचा शब्द घेऊन येतोय मी. शनिवारी. पाव गरम निघाला तर 'लांब' हा शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघायचा नाही. गार निघाला, तर तुम्ही दोघांनी गाशा गुंडाळून इकडे यायचं. कबूल?"

"गरम म्हणजे नेमकं किती गरम?" नकाशेवाल्याने विचारले. सवयच ती.

"वर लोणी ठेवल्यावर वितळलं पाहिजे."

"कबूल," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा बघून बायको म्हणाली, "तूच गार पडलास की."

म्हणून ही शाल. त्याने पावाच्या प्रवासाचा नीट विचार केला तेव्हा त्याला एक गोष्ट उमगली, जी खरे तर नकाशा पसरण्याआधी उमगायला हवी होती: विमानतळावर कुणी राहत नाही. बेकरीपासून विमानतळ, तिथली तपासणी, तिथले बसणे, मग उतरणे, मग घरापर्यंतचा रस्ता, या सगळ्यात ते एक तास दहा मिनिटे म्हणजे लांबलचक मालगाडीतला एक डबा होता. तरीही पाव मोठा असेल, भट्टीतून काढल्याबरोबर लोकरीत गुंडाळला असेल आणि कुठे फार वेळ मोडला नाही, तर लोणी वितळायला हरकत नव्हती. जेमतेम.

"आणि नाही वितळलं तर?" बायकोने विचारले.

"तर तू सासरी नाही, मीच सासरी जाईन."

ती हसली नाही. शालीतल्या पावावर तिने हलकेच हात ठेवला. "मला त्या पैजेचं काही नाही रे. मी कुठे राहते, कुठे चहा पिते, ते बाबांनी एकदा बघायला हवं होतं. फोनवर बोलताना त्यांना मी कुठे उभी आहे तेच दिसत नाही. म्हणून लांब वाटते."

नकाशेवाल्याने तिला आपली शाल परत दिली. शालीला पावाचा वास येत होता. तशीच घेऊन ती गेली.

शनिवारी सकाळी सासूबाईंचा निरोप आला की सासरे भट्टीपासून थेट विमानतळाकडे निघाले आहेत. विमान सुटायच्या दोन तास आधी पोहोचा, असे जावयाने बजावले होते. त्यावर सासऱ्यांचे म्हणणे होते, "गरम पावाला दोन तास बाकावर बसवून ठेवायला तो काय मुंजा आहे?" ते आयत्या वेळी पोहोचणार होते. हे नकाशेवाल्याच्या हिशेबालाही सोयीचे होते, म्हणून त्याने फार ताणले नाही. तिथेच माशी शिंकली.

विमान सुटण्याची वेळ झाली आणि फोन वाजला.

"जावईबापू, विमान निघालं."

"वा! बसलात का नीट?"

"ते निघालं. मी इथंच आहे."

"काय? का? काय झालं?"

"तपासणीत वेळ गेला." सासऱ्यांचा आवाज जरा खाली आला. "गर्दी हो. फार गर्दी."

"मग आता?"

"पुढच्या विमानात जागा दिलीय. बसतो थोडा वेळ."

"पाव कसा आहे?"

बायकोने त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि फोन ओढून घेतला. "बाबा, तुम्ही कसे आहात? काही खाल्लंत का?"

"काय खाणार? हातात एकच वस्तू आहे, आणि ती खाता येत नाही."

नकाशेवाल्याने मनातल्या मनात पुन्हा गणित मांडले. पुढचे विमान दोन तासांनी होते. लोणी वितळण्याची आशा संपली होती; आता ते फार तर थोडे ओशाळले असते. तो खोलीत दोन फेऱ्या मारून आला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून रबराची गरम पाण्याची पिशवी काढू लागला.

"कंबर धरली का तुझी?" बायकोने विचारले.

"नाही. मागच्या सीटवर ठेवतो. पाव तिच्यावर ठेवायचा. वरून चादर. घरी येईपर्यंत जरा ऊब धरेल."

"हे तर फसवणं झालं."

"उष्णतेची भरपाई झाली."

"शास्त्र शिकलेल्या माणसाला खोटं बोलायला किती छान शब्द सापडतात!" असे म्हणत तिनेच पाणी तापत ठेवले.

विमानतळावर बाहेर येणाऱ्यांच्या कठड्याला टेकून तो फोनवर विमानाचा माग बघत होता. पडद्यावरचे चिमुकले विमान सरळ रेषेत, अगदी त्याने बेकरीत बोटाने काढून दाखवलेल्या रेषेवरून येत होते. त्याची छाती फुगली. आणि शहराजवळ येताच ते विमान वळले. मग पुन्हा वळले. धावपट्टी मोकळी नव्हती. वरच घिरट्या घालायची आज्ञा होती. पडद्यावर एक गोल उमटला. त्यावर दुसरा.

बायकोचा फोन आला. आवाज धापा टाकत होता. "अरे, मी गच्चीत आहे. एक विमान मघापासून आपल्या डोक्यावरून फिरतंय. बाबांचं तेच का?"

त्याने पडद्यावरचा गोल मोठा करून पाहिला. गोलाची कड त्यांच्या घरावरूनच जात होती. "तेच."

"मी हात करतेय."

"त्यांना दिसणार नाही. दोन किलोमीटर तरी उंच आहेत ते."

"दोनच?" ती म्हणाली. "मग वर्षभरात एवढे जवळ आलेच नव्हते कधी."

विमान तिसऱ्यांदा घरावरून गेले आणि मग कुठे खाली उतरले. तरी सासरे बाहेर येईनात. फोन केला तर म्हणाले, "बॅग यायचीय पट्ट्यावरून."

"कसली बॅग? दोन दिवसांसाठी आलात ना तुम्ही?"

"असतं थोडंफार सामान."

ते थोडेफार सामान म्हणजे एक पेटीवजा अजस्र बॅग होती. एका हाताने ती ओढत, दुसऱ्या हाताने कोटाच्या आत काहीतरी छातीशी धरून सासरे आले. वर्षात ते थोडे वाकले होते, पण पाव धरलेला हात मात्र ताठ होता.

"आणा, पाव मागे ठेवतो," नकाशेवाल्याने गाडीचे मागचे दार उघडत घाईने म्हटले.

"असू द्या मांडीवर."

"नको नको, मागे ऐसपैस राहील. चादर घातलीय मुद्दाम."

सासऱ्यांनी चादरीकडे पाहिले, जावयाकडे पाहिले आणि काही न बोलता पाव हवाली केला. एरवी त्यांनी शंका काढल्या असत्या. गाडी सुरू झाली. रस्ता तुंबलेला होता. नकाशेवाला वाट बघत होता की सासरे आता मनगटावरच्या घड्याळाकडे बघतील आणि 'हं' म्हणतील. पण ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

"ती उंच इमारत आहे ना, पाण्याची टाकी असलेली? तिच्यावरून आलो आम्ही. तीनदा."

"आमचं घर तिच्या मागेच आहे."

"असं का?" ते वळून वळून त्या टाकीकडे बघत राहिले. "मला काय माहीत! मी आपला ढग बघत बसलो."

घराच्या वळणावर एक गतिरोधक होता. नकाशेवाल्याला तो पाठ होता, पण आज त्याचे सगळे लक्ष आरशातून मागच्या सीटवर होते. गाडी उडाली. मागे 'फुस्स' असा, कुणीतरी सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला.

"काय वाजलं?" सासऱ्यांनी विचारले.

"रस्ता खराब आहे," जावई म्हणाला, आणि त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. मागे कशाचा ओघळ गेला असेल, ते त्याला ठाऊक होते.

मुलगी जिन्यातच उभी होती. सासरे दोन पायऱ्या खालीच थांबले.

"बारीक झालीस."

"तुम्हीच बारीक झालात."

"मी पहिल्यापासूनच बारीक आहे. पिठामुळे जाड दिसायचो." आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग ते घर बघत हिंडले. ती चहा पिते ती खिडकी, तिची खुर्ची, तिच्या चपला. स्वयंपाकघरात त्यांनी ओव्हनचे दार उघडून आत डोकावून पाहिले. "याच्यात काय भाजता? बोटं?" ती खळखळून हसली. तेवढ्यात दारात जावई उभा राहिला. हातात चादर, चादरीत पाव, आणि चादरीच्या टोकातून टप टप पाणी.

सासऱ्यांनी पाव टेबलावर ठेवून घेतला. वरचा अर्धा भाग टणक, खमंग, तांबूस होता. खालचा अर्धा भाग पाणी पिऊन गच्च झाला होता. त्यांनी तळाला बोट लावले.

"गरम आहे," ते म्हणाले.

नकाशेवाल्याच्या जिवात जीव आला.

"पण जावईबापू, पावाला एवढा घाम का फुटलाय?"

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. खिशातून रबरी पिशवीचे बूच काढून त्याने टेबलावर ठेवले. "चूक झाली, बाबा. गार पडेल म्हणून खाली गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. अंतर सांगितलं ते बरोबर होतं. पण ते विमानतळापासून विमानतळापर्यंतचं होतं. तुमच्या भट्टीपासून आमच्या टेबलापर्यंतचं मी मोजलंच नव्हतं. ते लांबच आहे. तुम्ही म्हणत होता ते खरं."

सासरे बुचाकडे बघत होते. मुलगी एकदा नवऱ्याकडे, एकदा वडिलांकडे बघत होती. दवाखान्याचे नाव आता कोणत्याही क्षणी निघेल असे तिला वाटले. पण निघाला तो आवाज फोनचा. सासूबाई. मुलीने फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"पोहोचले का गं? आधी त्यांना विचार, वीट परत दिली का त्या लोकांनी?"

मुलगी फोनवर वाकली.

"कुठली वीट, आई?"

"कुठली म्हणजे? भट्टीतली! सकाळी भट्टीची आतली एक वीट उपटून काढलीन् आणि फडक्यात गुंडाळून पावाखाली घातलीन् पिशवीत. म्हणे, दिवसभर तापलेली राहते, पाव गार होऊ देत नाही. इथं भट्टीला भगदाड पडलंय! वर्षभर भट्टी सोडून कुठे जात नव्हते, आणि आता तिचीच वीट घेऊन गेले!"

मुलगी वडिलांकडे वळली. सासरे ओव्हनच्या दाराची मूठ पुसत होते.

"बाबा, म्हणून तुमचं विमान चुकलं?"

"गर्दी होती ना..." त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. "त्या यंत्रात ती चौकोनी दिसली. साहेब म्हणाला, आजोबा, हे काय? मी म्हटलं, वीट. म्हणाला, गरम कशी? म्हटलं, भट्टीतली आहे. मग त्यानं त्याच्या मोठ्या साहेबाला बोलावलं, त्यानं आणखी मोठ्याला. जो येई तो विटेला हात लावून बोट तोंडात घाली. शेवटी सगळ्यात मोठा म्हणाला, आजोबा, खरं सांगा, विमानात वीट कशाला?"

"मग?"

"म्हटलं, मुलगी लांब दिलीय म्हणून."

मुलीने ओव्हनच्या मुठीवरचा त्यांचा हात धरला.

"त्यांना काही कळलं नाही," सासरे म्हणाले. "पण चहा पाजला. वीट तिथं फळीवर ठेवलीय. जाताना घेऊन जा म्हणाले."

"म्हणजे बाबा," नकाशेवाला सावकाश म्हणाला, "पाव गरम निघावा असं तुम्हालाच वाटत होतं?"

"मग काय गार निघावा असं वाटेल?" सासरे एकदम डाफरले. "बेकरीवाला आहे मी!"

मुलीने सुरी घेतली. वरच्या कोरड्या भागाची जाड चकती कापली आणि तिच्यावर लोण्याचा तुकडा ठेवला. चौघांपैकी तिघे त्याच्यावर वाकले. लोणी चौकोनी होते तसेच चौकोनी राहिले. कड नाही वितळली की कोपरा नाही ढळला.

"वितळलं का?" फोनमधून प्रश्न आला. "अगं, सांगा ना कुणीतरी!"

सासऱ्यांनी अंगठा पुढे केला. चाळीस वर्षे कणीक मळलेला तो रुंद अंगठा त्यांनी लोण्यावर ठेवला आणि एका दाबात ते पावभर पसरवले.

"वितळलं," ते म्हणाले.

"खरंच?"

"हो आई, वितळलं," मुलगी म्हणाली.

आता पाळी नकाशेवाल्याची होती. त्याच्या खिशात थर्मामीटर होता आणि आयुष्यात त्याने एकाही नकाशावर अंदाजे रेघ मारली नव्हती. त्याने थर्मामीटर खिशात आणखी खाली ढकलला.

"पूर्ण वितळलं, आई," तो म्हणाला.

"मग बरं झालं. आता परत कधी येताय ते सांगा. एवढ्या लांब जाऊन बसलात, आणि इथं भट्टीला भोक..."

"लांब?" सासऱ्यांनी चकतीचा मोठा घास घेतला. "लांब कोण म्हणालं? एक तास दहा मिनिटं लागतात फक्त. पृथ्वीचा गोलावा धरून. इतकं जवळ असताना निघायची घाई कशाला? गवंड्याला बोलव आणि भोक बुजवून घे." आणि तोंडातला घास संपायच्या आत त्यांनी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला थंडी वाजली म्हणून ती शाल शोधत स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली. ती अजस्र बॅग उघडी पडली होती. पावाचे साचे, पिठाच्या पिशव्या, ॲप्रन, घरच्या चपला, आणि तळाशी सासऱ्यांची नेहमीची उशी. ओट्यावर एक मोठे पातेले होते. ते तिच्या सर्वांत चांगल्या शालीत गुंडाळलेले होते. शेजारच्या स्टुलावर वडील हनुवटीला हात लावून बसले होते.

"बाबा, माझी शाल..."

"हळू बोल. आंबवण लावलंय. त्याला ऊब लागते."

"किती वेळ लागेल त्याला?"

"फुगेल दुपारपर्यंत. पण नव्या घरात नीट जम बसायला," सासऱ्यांनी शालीचे टोक पातेल्याखाली खोचले, "महिना तरी जातो."

तिच्या मागून नकाशेवाला डोळे चोळत आला होता. त्याने बॅगेकडे पाहिले, उशीकडे पाहिले. मग बाहेरच्या खोलीतून दुसरे स्टूल आणले आणि सासऱ्यांच्या शेजारी टेकवले.

"थर्मामीटर देऊ का, बाबा?"

"द्या," सासरे म्हणाले. "पण आकडा मोठ्यानं वाचू नका."